हात दुखतो म्हणजे नेमकं काय दुखतं?

शेवंती
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुण्यात बरीच वर्षं हाताच्याच रुग्णांबरोबर काम करते आहे. गुडघा, कंबर, मान धरली की माणसं डॉक्टर गाठतात. हाताचं दुखणं मात्र घरातच मुरतं, कारण एका हाताने नाही जमलं तर दुसऱ्याने काम उरकतं. कुकरचं झाकण मुलगा लावून देतो, बरणी शेजारीण उघडून देते, साडी मागे पडून ड्रेस येतो. घरात कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी माणूस येतं तेव्हा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला असतो आणि तो पुन्हा भरून येईल अशी खात्री देता येत नाही. म्हणून हा धागा.

‘हात दुखतो’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणतं बोट आणि दिवसातली कोणती वेळ, या दोन गोष्टी सांगितल्यात की बरंच कळतं.

रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग येते, अंगठा, पहिलं आणि मधलं बोट (अनामिकेची अर्धी बाजूसुद्धा) बधिर होतं, करंगळी सुटते. उठून हात झटकला की बरं वाटतं. हे ‘झटकणं’ रुग्णाने न विचारता सांगितलं की माझ्या मनात कार्पल टनेल सिंड्रोम पक्का होत जातो. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि १ नस जाते. वरचं छप्पर म्हणजे जाड अस्थिबंध, तो ताणला जात नाही. आत थोडी सूज आली तरी दाब बसतो तो नसेवर. करंगळीची नस या बोगद्यातून जात नाही, म्हणून ती वाचते. झोपेत आपण मनगट मुडपतो आणि बोगदा आणखी अरुंद होतो, म्हणून रात्र.

पुढे गाडी चालवताना, फोन कानाला धरला असताना, पेपर वाचताना मुंग्या येऊ लागतात. मग बधिरपणा दिवसभर राहतो. या टप्प्याला पुष्कळांचा ठणका कमी होतो आणि घरचे म्हणतात, बरं झालं, उतार पडला. हा उतार नव्हे. नस मरत चालली की दुखणंही कमी होतं. सुई ओवता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, निऱ्या हातातून सुटतात, गरम भांड्याचा चटका उशिरा कळतो. ‘आता दुखत नाही, फक्त बधिर आहे’ हे वाक्य ऐकलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

सकाळी उठल्यावर एखादं बोट मिटलेलंच राहतं आणि दुसऱ्या हाताने उघडायला गेलं की खट्कन सुटतं, ते ट्रिगर फिंगर. अनामिका आणि अंगठा यांत जास्त. बोटाच्या मुळाशी तळहातावर दाबलं तर दुखतं, कधी गाठही लागते. लोक मात्र बोटाचं मधलं पेर चोळत बसतात, कारण अडकल्यासारखं तिथे वाटतं. कंडरा ज्या कडीतून सरकते ती कडी अरुंद झालेली असते, आणि कडी असते तळहातात.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहीन. इथे कुणाचं निदान करणार नाही. पण बोट, वेळ आणि हाताने रोज काय काम करता, हे लिहा.

पेठेतली_सून
ताई, सातवा महिना चालू आहे. दोन्ही हात रात्री बधिर होतात, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. सासूबाई म्हणतात अंगावर पाणी आलंय, बाळंतपणानंतर जाईल.

शेवंती
सासूबाई बऱ्याच अंशी बरोबर आहेत. गरोदरपणात शरीरात पाणी धरलं जातं आणि त्या बोगद्यात जागा कमी पडते. बहुतेकींचं बाळंतपणानंतर आपोआप कमी होतं. पण तोवर रात्रीची झोप का घालवायची? मनगट सरळ ठेवणारा पट्टा (स्प्लिंट) मिळतो, तो रात्री झोपताना बांधा. आत धातूची पट्टी असते, ती सरळ आहे ना पाहून घ्या. बऱ्याच पट्ट्यांत ती मागे वाकवलेली असते आणि त्याने उलट दाब वाढू शकतो. इतका घट्ट बांधू नका की बोटं सुजतील. तुमच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

आणि बाळ आलं की एक काळजी आत्ताच ऐकून ठेवा. नव्या आयांना अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखण्याचा त्रास फार होतो. बाळाला काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताणून उचललं जातं, दिवसातून कितीतरी वेळा. अंगठा बाहेर नेणाऱ्या दोन कंडरा त्याने सुजतात. स्विस सर्जन फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये हा आजार वर्णन केला, त्यांचंच नाव त्याला आहे. बाळ उचलताना तळवे वर करून एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली घाला, म्हणजे भार पंजावर आणि बाहूवर येतो. पाजतानाही बाळाचं डोकं मुडपलेल्या मनगटावर पेलू नका, उशी घ्या. तेल लावणाऱ्या मावशींना मनगट ‘मोडून’ द्यायला सांगू नका.

हिंजवडी_फेज२
दिवसभर कीबोर्ड-माऊस. उजव्या हाताला मुंग्या. ऑफिसात सगळे म्हणतात हा कॉम्प्युटरचाच आजार. जेल पॅड घेतलं, उभा माऊस घेतला, फरक नाही. मुंग्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला जास्त, फोनवर बोलताना वाढतात.

शेवंती
तुमच्या करंगळीमुळे गोष्ट बदलते. करंगळीची नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, जिथे टेबलाची कड लागली की झिणझिणी हातभर पळते. कोपर दुमडलेलं राहिलं की ती ताणली जाते. खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून काम करणं, फोन तासभर कानाला धरणं, कोपर पूर्ण मुडपून उशीखाली हात घेऊन झोपणं, ही तीन कारणं आधी तपासा. इयरफोन वापरा. रात्री कोपराला टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे ते फार दुमडत नाही. उपाय कोपराशी असल्यामुळे मनगटाखालचं पॅड काही करणार नव्हतंच.

कार्पल टनेलच्या बाबतीतही सांगते. कीबोर्डशी त्याचा संबंध लोक समजतात तितका पक्का सिद्ध झालेला नाही. जोराची पकड, मनगट मुडपून केलेलं काम, कंपन यांचा संबंध जास्त ठळक आहे. आणि मधुमेह, थायरॉईडची कमतरता, वजन, संधिवात यांचा. तीस-पस्तिशीत दोन्ही हातांना मुंग्या येणाऱ्यांनी महागडा माऊस घेण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि साखर तपासावी. थायरॉईड औषधाने ताब्यात आलं की हाताचा त्रास कमी झालेला मी पाहिला आहे. नस किती दाबली आहे हे एनसीव्ही तपासणीत कळतं. थोडे हलके झटके बसतात, घाबरण्यासारखं काही नसतं.

नदीपात्र
मी ढोलपथकात आहे. गणपतीच्या दोन महिने आधी सराव सुरू होतो. टिपरूच्या (काठीच्या) हाताचं मनगट दुखतं आणि थापीच्या हाताची करंगळीकडची बाजू सुन्न होते. पथकात सगळे बोटांना पट्ट्या चिकटवून वाजवतात, दुखण्याबद्दल कुणी बोलत नाही.

शेवंती
हे मनापासून लिहिते, कारण जुलै ते सप्टेंबर मला दरवर्षी पथकातली मुलंमुली दिसतात. पट्टी कातडी वाचवते, आतली नस नाही. तळहाताचा करंगळीखालचा भाग हातोडीसारखा वारंवार आपटला की तिथून जाणाऱ्या नसेला आणि रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. कारखान्यातल्या कामगारांत हे चांगलं ठाऊक आहे. बोटं गार पडणं, पांढरी-निळी होणं, गारठ्यात दुखणं यातलं काही दिसलं तर वाजवणं थांबवा आणि रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी करा. तंबाखू-सिगारेट असेल तर धोका वाढतो.

सरावाचं म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात तीन-तीन तास कशाला? कंडरांना वाढत्या कामाची सवय हळूहळू होते. टिपरू मुठीत आवळून धरलं की सगळा धक्का मनगटात शिरतो. सैल पकड शिकवणारा एक जुना वादक पथकात असतोच, त्याच्या शेजारी उभे राहा. पथकप्रमुखांना माझी विनंती आहे की ‘हात दुखतो’ म्हणणाऱ्याला झांजा किंवा ध्वज द्या, नाव ठेवू नका.

भोसरीकर
इथे सगळे मुंग्यांबद्दल बोलतायत, मी बोटांबद्दल बोलतो. भोसरी-चाकण पट्ट्यात प्रेसशॉपमध्ये वीस वर्षं टूलरूमला काढली. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये यासाठीच ती असतात. नग वाढावेत म्हणून एक बटण पट्टीने दाबून ठेवतात, सेन्सर बायपास करतात. आमच्याकडच्या एका पोराची दोन बोटं पहिल्या पेरातून गेली. कंत्राटी होता. मालकाने रुग्णालयात नेलं, पण कागदावर ‘घरी दरवाजात बोट सापडलं’ असं लिहायला लावलं. बोटं बर्फाच्या डब्यात तशीच टाकून नेली होती. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखी राहिली नाहीत.

आता तो वॉचमन आहे. अंगठा शाबूत आहे म्हणून कुणाला वाटत नाही काही झालंय. पण त्याला नट धरता येत नाही, मोबाईलवर टाईप करताना अडखळतो, ताटातली भाकरी मोडायला त्रास होतो. लहान मुलीची वेणी घालता येत नाही हे त्याने मला एकदा सांगितलं.

शेवंती
भोसरीकर, हे लिहिलंत म्हणून आभार. सगळ्यांनी वाचावं.

तुटलेलं बोट कसं न्यायचं ते लिहिते. स्वच्छ कापड किंवा गॉज सलाईनने ओलसर करा, बोट त्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फाला लागलं तर पेशी गोठून मरतात. पाण्यात बुडवूनही ठेवायचं नाही. जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्या, हात उंच धरा, बोटाला दोरा-रबर आवळू नका, हळद-टूथपेस्ट काही लावू नका. हातातली अंगठी लगेच काढा, कारण सूज आली की ती निघत नाही. प्लास्टिक सर्जन किंवा हँड सर्जन असलेल्या ठिकाणी आधी फोन करून थेट तिथेच जा. दोन-तीन दवाखाने फिरण्यात वेळ जातो.

ज्या कामगाराचं ईएसआय (कामगार राज्य विमा) आहे त्याने अपघात कामावर झाला हेच लिहून घ्यावं. कामावरच्या इजेसाठी तात्पुरत्या असमर्थतेच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो आणि कायमचं नुकसान असेल तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवून वेगळा लाभ देतं. खोटं कारण लिहिलं की हे सगळं अडतं.

आणि ग्राइंडर, ब्रेकर चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत असतील तर तो कंपनाचा परिणाम असतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हे पहाटेच्या पाळीला दिसतं.

कोथरूडकर७१
वय ७४, मधुमेह बरीच वर्षं. माझा प्रश्न दुखण्याचा नाही. रेशन दुकानात अंगठा उठत नाही, बँकेत सही जुळत नाही. आणि नमस्कार केला की तळवे चिकटत नाहीत, बोटांमध्ये फट राहते. हे वयाचं की कशाचं?

शेवंती
काका, नमस्कारातली फट वयाची समजून सोडू नका. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांमध्ये बोटांचे सांधे आणि कातडी कडक होते, आणि नमस्कार हीच त्याची तपासणी आहे. डॉक्टर ती मुद्दाम करायला लावतात. असं झालेल्यांच्या डोळ्यांवर आणि मूत्रपिंडावरही परिणाम झालेला असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन या तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या. बोटांसाठी कोमट पाण्यात हात ठेवून रोज पूर्ण मूठ, पूर्ण उघड, असं सावकाश करा. मधुमेहींना ट्रिगर फिंगरही जास्त होतं. त्यासाठी स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलंत तर पुढचे काही दिवस साखर वाढते. ते आधीच सांगून घ्या, घरी मोजत राहा.

ठसा झिजलेल्यांसाठी रेशनला डोळ्याची बुबुळं किंवा ओटीपी यांची सोय मागा. हयातीच्या दाखल्यासाठी आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं. सहीबद्दल सांगायचं तर आजारी, वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत शांतपणे पण ठाम सांगा.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहिते आहे. भाच्याची करंगळी वाकडी राहायला लागली आहे. त्या बाजूच्या हातावर एक फिकट चट्टा आहे, तिथे त्याला स्पर्श कळत नाही. घरी तो कॅल्शियम कमी आहे असं म्हणतो.

शेवंती
उद्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी दवाखान्यात न्या. सुन्न चट्टा आणि करंगळीची नस जाड होणं ही कुष्ठरोगाची लक्षणं असू शकतात. नाव ऐकून घाबरू नका आणि घरात लपवूही नका. उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते. आपल्याकडे कोंढव्याला डॉ. बंदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे. वाकलेली बोटंसुद्धा कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रियेने कामाला लावता येतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस या शस्त्रक्रियांची सुरुवात केली, तेव्हापासून भारतात हे काम चालू आहे. पण गेलेली नस परत आणण्यापेक्षा आहे ती वाचवणं सोपं असतं, म्हणून उद्याच.

मोगरा
मला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो. सकाळचे दोन तास हात माझे नसतात. पोळपाटासमोर उभं राहायचं तर आधी गरम पाण्यात हात धरावे लागतात. दुपारी बऱ्यापैकी चालतात म्हणून लोकांना वाटतं मी सकाळचा आळस करते. त्यांना एवढंच सांगा की हे खरं असतं.

शेवंती
खरं असतं, आणि तीच त्याची खूण आहे. सकाळचा ताठरपणा तासापेक्षा जास्त, दोन्ही हातांना सारखा, मुठीच्या सांध्यांना सूज, हे दिसलं की संधिवाततज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बरंचसं टाळता येतं. बोटांच्या टोकाच्या सांध्यांना मण्यांसारख्या कडक गाठी येतात तो प्रकार वेगळा, झिजेचा. तो सहसा पंजा वाकडा करत नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते की ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. घरातल्या डब्यात वार लिहून ठेवा.

सुईदोरा
आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशी पाच घरं करतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, रात्री मुंग्या येतात. त्यांना ‘विश्रांती घ्या’ म्हणण्याची मला लाज वाटते. विश्रांती घेतली तर पगार कोण देणार? या धाग्यावर पट्टे आणि तपासण्या वाचून मला वाटत होतं की त्यांच्यासाठी इथे काही नाही.

शेवंती
तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हाताच्या दुखण्यात सगळ्यात जास्त भरडल्या जातात त्या याच बायका.

अंगठ्याच्या टोकाशी जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी पट, सुमारे १२ पट, जोर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर पडतो. म्हणून चिमटीची कामं कमी करायची, काम बंद करायचं नाही. कणीक थोडी सैल मळा आणि झाकून मुरू द्या. मळताना बोटांऐवजी तळहाताचा बुंधा वापरायचा. ओट्याची उंची कमरेशी नसेल तर पायाखाली पाट घ्या. लाटण्याला सायकलची जुनी ट्यूब किंवा कापड गुंडाळून मूठ जाड केली की पकडायला कमी जोर लागतो. गरम भांडं सांडशीने एका हाताने न उचलता दोन्ही हातांनी कापडाने धरा. फडकं पिळायचं असेल तर नळाला वेढा घालून दोन्ही टोकं एकत्र ओढत पीळ द्यायचा. घरमालकिणींनी दांड्याचा पोछा घ्यावा, त्याने पिळणंच वाचतं. लसूण सोलून डाव्या हाताच्या बोटांची टोकं फाटतात, तेही बघा. लसणाच्या रसाने ती भेगाळतात आणि लोक साबणाला दोष देतात.

आणि पाच घरांनी मिळून ठरवावं. तपासणी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात कमी खर्चात होते, पण त्या दिवसाची खाडे-कपात करू नये. त्या रांगेत उभ्या राहिल्या तर दिवस जातो.

सुईदोरा
मावशींना दाखवलं. कार्पल टनेलच निघालं, एनसीव्हीत नस बरीच दाबलेली आहे, शस्त्रक्रिया सुचवली आहे. चारही घरांशी बोलले, तीन घरांनी पगार द्यायचं कबूल केलं, चौथ्या घराशी अजून बोलणं चालू आहे. पाचवं आमचं. किती दिवस धरायचे? त्या विचारतात, हात कायमचा जाईल का?

शेवंती
हात जाणार नाही, हात राहावा म्हणूनच ही शस्त्रक्रिया आहे. फक्त तळहात बधिर करून होते, त्याच दिवशी घरी जातात. बोगद्याचं छप्पर कापून नसेला जागा देतात. बोटं पहिल्या दिवसापासून हलवत राहायची, हात उंच ठेवायचा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. चहा, जेवण, वेणीफणी अशी हलकी कामं त्याआधीच सुरू होतात. कणीक मळणं, जड तवा, पिळणं यासाठी ४ ते ६ आठवडे तरी धरा. तळहाताचा बुंधा काही महिने दुखतो आणि पकडीला जोर यायलाही तेवढे महिने लागतात, म्हणून पहिल्या दिवशी पाच घरं नकोत, दोनपासून सुरुवात करा. रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लगेच जातात. जुना बधिरपणा हळूहळू जातो, कधी थोडा राहतो, हे त्यांना आधीच सांगा. सर्जनकडून कामाच्या रजेचं पत्र लिहून घ्या आणि त्याची एक प्रत चौथ्या घरी द्या.